अर्धी फौज

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मायना नीट लिहिला आहे, बघून घे. नमस्कार मात्र केलेला नाही, तो आईच्या नियमापुरता आहे. मी फोन उचलत नाही म्हणून तू निरोपांवर निरोप ठेवतो आहेस, पण नियम तुलाही पाठ आहे. भांडण तोंडाने करायचं नाही, कागदावर करायचं, मायना आणि शेवट सोडायचा नाही, आणि भांडण मिटल्याशिवाय पत्रं फाडायची नाहीत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून दिवसभर परक्यांची भांडणं कानात घेऊन येणाऱ्या बाईला घरी आणखी ऐकायची नव्हती, त्यात तिचं काही चुकलं नाही. तेव्हा आपण एकमेकांच्या दाराखालून पत्रं सरकवायचो. आता तिकीट लावावं लागतं, एवढाच फरक.

तर हे भांडण आहे, आणि विषय तुझी मुलाखत.

ती मला एका अनोळखी आजोबांनी वाचून दाखवली. दाताचा रंग जुळवायला डॉक्टरांनी त्यांना माझ्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. बाकावर बसून पेपर वाचता वाचता ते हसायला लागले आणि मलाही हसवावं म्हणून मोठ्याने वाचू लागले. मी मेणात कवळीचे दात बसवत होते. फोटोतला हाताची घडी घालून उभा असलेला माणूस माझा सख्खा भाऊ आहे हे त्यांना कुठून कळणार. हातातला सुळा तिरका बसला.

सुरुवातीचं सगळं खरं आहे. मागची खोली, जुना संगणक, आणि तू लिहिलेला ‘तटबंदी’ हा खेळ. लाकूड तोडा, दगड फोडा, तट बांधा, फौज उभी करा आणि समोरच्याचा तट पाडा, तेही विचार करत न बसता, कारण समोरचाही त्याच वेळी तेच करत असतो. पंचवीस वर्षांनी त्याची नवी, सुधारलेली आवृत्ती येते आहे, तुझं अभिनंदन. मग त्या वार्ताहर मुलीने विचारलं की संगणक जिंकत आलेला असताना त्याच्या एका लाकूडतोड्याला बाण लागला की त्याची सगळी फौज पाठ फिरवून घरी का पळते. आणि तू हसून म्हणालास की ती माझी बहीण. संगणकाला लढायला कसं शिकवायचं ते कळेना, म्हणून मी बहिणीला खेळायला बसवलं आणि ती खेळते तसंच्या तसं उतरवलं. भाबडी होती, एका लाकूडतोड्यापायी जिंकलेली लढाई सोडायची. नव्या आवृत्तीत तो दोष आम्ही काढून टाकला आहे.

एक पूर्ण सुट्टी मी तुझ्यासाठी त्या लाकडी स्टुलावर बसून काढली. त्याचा उल्लेख इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि आला तो असा. लोकांना हसवायला तुला स्वतःचं काही सापडलं नाही का?

लोभ असावा असं लिहितात. माझ्याकडचा संपला आहे, तुझ्याकडे असेल तर तो वापर.

तुझी बहीण,
टाचणी


९ फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,
अ. उ. आ.

मोठ्या भावाने आशीर्वाद द्यायचे असतात म्हणून दिले. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू बघ.

एका वाक्यावरून तू आभाळ डोक्यावर घेतलं आहेस. दुसऱ्या कुणाची बहीण असती तर तिने कात्रण काढून भिंतीला लावलं असतं. ज्या खेळावर दोन पिढ्या वाढल्या त्यातला शत्रू म्हणजे तू आहेस, हे मी जगाला सांगितलं. त्यात अपमान शोधायला तुझीच नजर हवी. नाव उगाच नाही ठेवलं टाचणी.

बाकी, दोष तो दोषच. संगणकाची माघार हा पंचवीस वर्षं चेष्टेचा विषय आहे. लाकूडतोड्याला एक बाण मारायचा आणि मोकळ्या तटावर चढायचं, ही युक्ती शाळेतली पोरंही एकमेकांना सांगतात. कंपनीतली चाचणी घेणारी मंडळी माझ्यासमोर हसतात आणि मी ऐकून घेतो. नव्या आवृत्तीत सगळं नव्याने रंगवलं आहे, झाडांची पानं हलतात, तटाचा एकेक दगड सुटून पडताना दिसतो. आणि लोक इतकी वर्षं जे मागत होते ते दिलं आहे. आता फौजेचे हवे तेवढे गट करता येतात. तुला आठवत असेल, पूर्वी एक शिपाई निवडला की अख्खी फौज निवडली जायची, कारण त्या डबड्याच्या स्मरणात तेवढीच जागा होती. आता चार इकडे, दहा तिकडे, जसं हवं तसं. एवढं सगळं सुधारून तो मूर्ख संगणक तसाच ठेवायचा, फक्त तुझं मन राखायला?

आता महत्त्वाचं. आई न्हाणीघरात घसरून पडली. शेजारच्या नर्सबाईंचा फोन आला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया नीट झाली. महिनाअखेरीस घरी सोडतील, पण तीन महिने तरी तिला एकटं ठेवता येणार नाही. माझा खेळ पुढच्या महिन्यात बाजारात येतो आहे, मला मान वर करायला फुरसत नाही. तू जाशीलच, तेव्हा वॉकर आणि उंच खुर्ची तिकडेच मिळते का ते बघून ठेव. तुझं काम तसं कुठेही बसून होण्यासारखं आहे. मेण आणि प्लास्टर काय, सगळीकडे मिळतं.

राग गिळून टाक. लोभ आहेच, त्यासाठी वेगळी विनंती करत नाही.

तुझा
दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईची शस्त्रक्रिया नीट झाली हे तू मला कळवलंस याबद्दल आभारी आहे. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही माझी आहे. तुझं पत्र माझ्या दारात पडलं तेव्हा मी तिच्या खाटेशी बसून तिचे केस विंचरत होते. मी तिथे आहे का, एवढं तू नर्सबाईंना विचारलंही नाहीस. मी असणार हे तुझ्या हिशेबात आधीच धरलेलं असतं, दारामागच्या छत्रीसारखं.

“तू जाशीलच” हे तुझे शब्द मी चार वेळा वाचले. विनंती नाही, प्रश्नही नाही.

तिच्याकडे राहायला मी जाणार नाही. कारण सांगते, पटवून घ्यायचं की नाही ते तुझ्यावर. दंतवैद्यकाच्या ज्या महाविद्यालयातून मी शेवटचं वर्ष अर्धं टाकून निघाले, त्यांनी त्यांची दातांची प्रयोगशाळा चालवायला मला बोलावलं आहे. पोरं दात घडवायला शिकणार ती माझ्या हाताखाली. १ मार्चला हजर व्हायचं, नाहीतर रांगेत दुसरे उभे आहेत. माझ्या वयाच्या बाईला असं कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. आणि हो, मेण सगळीकडे मिळतं. ही खुर्ची मिळत नाही.

ते वर्ष अर्धं का टाकलं, हे तुझ्या मुलाखतीत आलं नाही. बाबांचं अर्धं अंग गेलं आणि त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा दोन माणसं लागायची. मी आले. परीक्षा तोंडावर होती म्हणून तुला लिहिलं की पंधरा दिवस तू ये, मी परीक्षा देऊन लगेच परतते. तू तेव्हा ‘तटबंदी’ घेऊन शहराशहरांतून फिरत होतास. तुझं उत्तर आलं नाही. परीक्षा गेली, मग पुढची गेली, मग बाबा गेले तोवर सहा वर्षं झाली होती. डॉक्टरीण व्हायची ती डॉक्टरांसाठी कवळ्या करायला लागले. मला हे काम आवडतं, माझा हात चांगला आहे, कीव नको. पण मला भाबडी म्हणायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो तुला नाही.

आता तू दोष काढून टाकलास ना? मीही काढला. लाकूडतोड्याला बाण लागला आहे आणि या वेळी फौज वळणार नाही. या पत्राची प्रत आईला पाठवते आहे, म्हणजे मागून कुणी काही वेगळं सांगायला नको.

लोभाचं तूच ठरव, मला कामं आहेत.

टाचणी


२० फेब्रुवारी

चि. टाचणी,
अ. उ. आ. (हातचे राखून)

जन्मदात्या आईला लाकूडतोड्या म्हणताना तुझी लेखणी अडखळली नाही, याचं मला नवल वाटतं. प्रत मीही तिला पाठवतो आहे, तिलाही कळू दे तिची लेक कशी लिहिते ते.

तुला कुणी बेड्या घालून आणलं नव्हतं. तू आपण होऊन आलीस आणि आपण होऊन राहिलीस. आता इतक्या वर्षांनी त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडते आहेस. मी त्या वेळी घराबाहेर पडलो नसतो तर आज ना खेळ असता ना आपली ओळख. एकाला पुढे जावंच लागतं. तू मागे वळलीस तो तुझा स्वभाव, आणि मी तो जसा दिसला तसा उतरवला. आरशावर चिडून काय होणार.

तुझ्या खुर्चीचं ऐकून बरं वाटलं. पण आईला सोडून तू त्या खुर्चीत बसलीस तर तुला ती टोचेल, तुझ्याच नावासारखी.

आता एक कामाचं. हे भांडणात धरू नकोस. दुरुस्त केलेला संगणक मला छळतो आहे. माघार काढली, तसा तो सुसाट सुटला. पहिली काही मिनिटं समोरच्याची दाणादाण उडवतो. पण मागे घरी त्याचे लाकूडतोडे एकेक करून मरतात, तो ढुंकून बघत नाही, आणि मग लाकूडच संपतं. नवे बाण होत नाहीत, शिड्या होत नाहीत. भलीमोठी फौज समोरच्याच्या तटाखाली नुसती उभी राहते आणि हळूहळू कापली जाते. लांबलेला प्रत्येक डाव तो हरतो आहे. चाचणीवाले आता पूर्वीपेक्षा जास्त हसतात. तू नेमकी कधी वळायचीस? किती माणसं पडल्यावर? मी तेव्हा मागे बसून टिपलं होतं त्यात एवढंच आहे की बाण लागला, फौज वळली. तेवढं कळव.

लोभ तुटलेला नाही, ताणला गेला आहे.

दादा


२५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

एकीकडे तोंडावर थुंकायचं आणि दुसरीकडे पाणी मागायचं, हे तुलाच जमतं. तरी उत्तर देते, कारण हे उत्तर तुझ्या तोंडावर मारायची मी पंचवीस वर्षं वाट बघत होते, फक्त तू कधी विचारलं नाहीस.

बाण लागल्याबरोबर मी वळायचे. पण दादा, सगळी फौज मला कधीच वळवायची नव्हती. लाकूडतोड्याला वाचवायला दोन भालेकरी पुरले असते. बाकीचे तिथेच लढत राहिले असते आणि मी जिंकले असते. पण तुझ्या खेळात एक शिपाई निवडला की सगळे निवडले जायचे, हे तूच ९ तारखेच्या पत्रात मिरवून लिहिलं आहेस. अर्धी फौज पाठवायची सोयच तू ठेवली नव्हतीस. एक तर सगळ्यांनी घरी जायचं, नाहीतर कुणीच नाही. मी दर वेळी तो एकच शिपाई पकडायचा प्रयत्न करायचे आणि दर वेळी सगळेच्या सगळे माना वळवून निघायचे. तुला सांगितलंही होतं. तू म्हणालास, खेळता येत नसेल तर रडू नकोस.

तू माझ्या मागे बसून फौज वळलेली पाहिलीस. माझा हात काय करत होता ते पाहिलं नाहीस, आणि त्याला माझा स्वभाव म्हणालास.

घरचंही तसंच झालं. तू अर्धा भार उचलला नाहीस, म्हणून मी सगळीच्या सगळी वळले. आणि आता पेपरात सांगतोस की बहीण जिंकलेली लढाई सोडते.

आता फौज वाटता येते म्हणतोस, तर वाट. १ मार्चला आई घरी येते. १५ एप्रिलपर्यंत तू, तिथून पुढे मी. तोवर महाविद्यालयात माझा जम बसेल आणि मला रजा मागता येईल. तुझा खेळ एका माणसावाचून बाजारात येत नसेल तर तो खेळ नाही, दुखणं आहे. आणि तू आला नाहीस तरी मी वळणार नाही. मग तुझा संगणक आणि तू, दोघं उभे राहा तटाखाली.

प्रत आईला पाठवली आहे. लोभाचा विषय मध्ये आणू नकोस.

टाचणी


२७ फेब्रुवारी

चि. दादा आणि चि. टाचणी,
तुम्हा दोघांना आशीर्वाद, मारून मुटकून.

आडवं पडून लिहिते आहे, अक्षराला हसू नका. तुमच्या भांडणाच्या प्रती दोघांनीही मला पोचत्या केल्या, आपलीच बाजू कशी खरी ते दाखवायला. लहानपणी दोघंही माझ्याकडे एकमेकांच्या चुगल्या घेऊन यायचात, अगदी तसंच. इथे खाटेवर करमत नव्हतं, बरी सोय झाली.

आता माझं ऐका. अर्धी अर्धी करून वाटून घ्यायला मी भाकरी नाही. आणि एकीने मला लाकूडतोड्या म्हटलं, दुसऱ्याने ते उगाळलं, दोघांनीही परत घ्या. त्या बिचाऱ्याच्या घराला दारही नसतं. माझ्या घराला आहे, आणि चालता यायला लागलं की मला आतून कडी लावता येईल.

दादा, टाचणी तेव्हा घरी आली त्याबद्दल तू चार ओळी खरडल्यास, पण पंधरा दिवस ये म्हणून तिने तुला लिहिलेलं पत्र मिळालं होतं की नाही यावर तोंड उघडलं नाहीस. ते पत्र मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं होतं. पुढे मला तुझं जे पत्र आलं त्यात खेळ किती ठिकाणी गेला त्याची वर्णनं होती. त्यामुळे मिळालं नाही हे सांगायच्या भानगडीत पडू नकोस.

टाचणी, तू आलीस तेव्हा मी तुला परत जा म्हटलं नाही, कारण मला तू हवी होतीस. एकटीने तुझे बाबा उचलले जात नव्हते. आज तशीच वेळ आली तर मी तसंच करीन, त्याबद्दल माझ्याकडून गोड शब्दांची वाट बघू नकोस. पण आज तशी वेळ नाही. माझा फक्त खुबा मोडला आहे, मला कुशीवर वळता येतं. तू तुझ्या खुर्चीत जाऊन बस. बसली नाहीस तर मला तुझं तोंड बघायचं नाही.

१ तारखेला मला घरी सोडतायत. किल्ली शेजारी आहे. जो येईल त्याने तोंड वाकडं करून येऊ नये, माझ्याच्याने दिवसभर बघवणार नाही. कुणीच आलं नाही तर नर्सबाई आहेत, त्या निदान मला हसवतात तरी.

लोभ आईला सुटत नाही म्हणून आहे.

तुमची
आई


१२ मार्च

चि. टाचणी हिस,
अ. उ. आ.

हे पत्र आईच्या स्वयंपाकघरातून लिहितो आहे. मी आलो, त्याचा डांगोरा पिटू नकोस. कंपनीला सांगितलं तेव्हा साहेबांनी डोक्याला हात लावला. खेळाच्या सोहळ्यात माझ्या जागी दुसरा उभा राहील, माझ्याच खेळाची ओळख करून देईल आणि टाळ्या घेईल. तुला हे वाचून गोड वाटत असेल, तर वाटू दे.

आई पेल्यावर चमचा आपटून मला बोलावते. मी बसलो की आपटते, असं माझ्या लक्षात आलं आहे. उशी खाली घे, उशी वर घे, खिडकी उघड, आवाज येतो, बंद कर. आज तिला धरून न्हाणीघरात नेलं. ती म्हणाली की टाचणीचा हात तुझ्यापेक्षा खाली असतो, काखेत नाही, कमरेशी धर. मी कमरेशी धरलं. तेव्हा कुठे ती चालली. बाबांना सहा वर्षं असं धरत होतीस, हे मला ऐकून माहीत होतं. आता पाठीला माहीत झालं आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तू ती दाताखाली धरून खरी आहे का बघशील. आणि पेपरलाही काही लिहिणार नाही, ते लोक विसरले आहेत, फक्त तू विसरली नाहीस.

संगणकाचं मात्र सांगतो. इथे जेवणाच्या टेबलावर बसून ते नव्याने लिहिलं. लाकूडतोड्याला बाण लागला की फौजेतले थोडे घरी वळतात, बाकीचे लढत राहतात. दोन ओळींचं काम होतं. आता तो मलाही हरवतो. चाचणीवाल्यांचं हसू बंद झालं आहे, एकाने तर कळफलक आपटला. खेळाची प्रत सोबत पाठवतो आहे, वेळ झाला तर बघ.

१५ एप्रिलला तू यायचंस. उशीर चालणार नाही, माझी पाठ तेवढीच टिकेल. तू आलीस की मी निघेन. एका वेळी दोघं नकोत, आई मध्ये पडून भांडण लावून देते.

लोभाचं तुझ्यावर सोपवतो.

दादा


२२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रयोगशाळा मिळाली. खिडकीजवळ लांब टेबल आहे, त्याच्यावर भट्टी, आणि भिंतीला तेच जुने हिरवे ओटे, जिथे मी विद्यार्थिनी म्हणून प्लास्टर सांडलं होतं. पोरं घाबरतात मला. मला ते आवडतं. १५ एप्रिलपासूनची रजा मंजूर झाली आहे, मी वेळेवर पोचेन, घड्याळ लावून बघ.

काल काम संपल्यावर तुझा खेळ लावला. पानं हलतात, खरंच सुंदर आहे. मी बराच वेळ चांगली लढले. मग मी संगणकाच्या लाकूडतोड्याला बाण मारला, सगळे मारतात तसा, आणि मोकळ्या तटाची वाट बघत बसले. तट मोकळा झाला नाही. मूठभर भालेकरी घरी वळले. बाकीचे तिथेच राहिले, पुढे आले, आणि माझा तट पडला. लाकूडतोड्या वाचला आणि लढाईही संगणकच जिंकला. मी कशी खेळायला बघत होते ते मला इतक्या वर्षांनी समोर दिसलं. टेबलावर डोकं टेकून मी रडले, हे तुला सांगायचं नव्हतं, पण नियमात खोटं लिहायला जागा नाही.

आईला कमरेशी धरतोस ते बरं. उजवीकडून धर, डावीकडून तिला भीती वाटते.

पत्रं फाडलेली नाहीत. तूही फाडू नकोस, कारण माझं एक विचारायचं राहिलं आहे आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय हे भांडण मिटलं असं मी मानणार नाही. दोन ओळींचं काम होतं म्हणतोस. मग त्या वर्षी, मी पंधरा दिवस मागितले तेव्हा, त्या दोन ओळी मला का नाही लिहिल्यास?

उत्तराची वाट बघते आहे. लोभाचं त्यानंतर.

तुझी
टाचणी